आईनं धाडलेला गूळ

खाप्याहून फोन आला तेव्हा आई अंगणात उन्हाला बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. वच्छीआत्याचा थोरला मुलगा बोलत होता. "ताई, आई गेली. झोपेतच…" एवढंच म्हणाला आणि थांबला. आईला आता कमी ऐकू येतं, म्हणून तिच्या जवळ बसून सांगावं लागलं. तिनं हातातली शेंग पूर्ण सोलली, दाणे टोपल्यात टाकले, मग विचारलं, "कोन? आपली वच्छला?" मी मान हलवली. "माह्याहून लहान होती वं ते," आई म्हणाली, "कितीतरी लहान…" आणि मग ऊन सरकून सावली अंगावर आली तरी ती तिथून उठली नाही.

वच्छीआत्या म्हणजे माझ्या वडिलांची सगळ्यांत धाकटी बहीण. तिचं लग्न खाप्यात झालं, तिथेच कन्हान नदीच्या काठी तिचा संसार झाला, मुलं झाली, नातवंडं झाली. नातेवाइकांना ती एवढीच माहीत आहे. पण तिच्या लग्नाआधीची काही वर्षं आमच्या घरात गेली, आणि ती वर्षं आठवणारी माणसं आता दोनच उरली आहेत. एक आई आणि एक मी. आईला लिहिता येत नाही. म्हणून हे मी लिहिते आहे.

सदुसष्ट-अडुसष्टचा काळ असेल. आम्ही नागपुरात इंदोऱ्यात राहायचो. दोन खोल्या, पुढे अंगण, अंगणाच्या टोकाला चार घरांत मिळून एक नळ. बाबा रेल्वेच्या कारखान्यात होते. कधी पहाटेची पाळी, कधी दुपारची. मी सहा वर्षांची, शाळेत नुकती जाऊ लागलेली, आणि माझा भाऊ मिलिंद भिंतीला धरून चालायला शिकत होता. त्या वर्षी आईचा खोकला हटेना. अंगात रोज संध्याकाळी कणकण. डॉक्टरांनी टीबी सांगितला. त्या काळी हा शब्द लोक हळू आवाजात उच्चारायचे. आईला दवाखान्यात ठेवावं लागेल, पोरांना जवळ येऊ द्यायचं नाही, असं ठरलं. आजी कुहीजवळच्या गावी, धान कापणीला आलेलं, तिला हलता येईना. तिनं वच्छीला धाडलं. पंधरा दिवसांसाठी.

आत्या तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांची होती. धानाच्या रोवणीत तिच्या ओळीला कोणी गाठू शकत नसे, असं बाबा कौतुकानं सांगायचे. पण लेकरू तिनं कधी सांभाळलं नव्हतं. घरात तीच शेंडेफळ. पहिल्या दिवशी तिनं दहा माणसांना पुरेल एवढा भात टाकला. आम्हाला दोघांना नळाखाली बसवून असं घासलं की शेजारच्या गयाबाई ओरड ऐकून धावत आल्या. स्वयंपाक करताना मिलिंद चुलीकडे रांगत यायचा, म्हणून तिनं जुन्या लुगड्याची पट्टी फाडून त्याच्या कमरेला बांधली आणि दुसरं टोक खाटेच्या पायाला. गयाबाईंनी ते पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"बापा! हे काय वं पोरी? बकरू बांधलं का?"

"मंग काय करू? वावरात बी असंच बांधतात बाया."

"वावर नोहे हे. लेकराले गोष्ट सांग, खेळव."

"मले गोष्ट नाही येत," आत्या म्हणाली. ते खरंच होतं. गोष्टी, गाणी, खेळणी यांतलं तिला काही येत नव्हतं. तिला फक्त काम येत होतं. म्हणून मग तिनं आम्हाला कामच दिलं. पट्टी सुटली आणि मिलिंदला बटाट्यांचं खातं मिळालं. टोपलीतले बटाटे एकेक करून तिच्या हातात आणून द्यायचे. पाहिजे तेवढे झाले की ती म्हणायची, "बस, आता वापस नेऊन ठेव," आणि तो पुन्हा एकेक नेऊन ठेवायचा. तेवढ्यात भाजी शिजायची. माझ्याकडे सुपातले खडे. ती घर सारवत असली की आम्ही दोघं शेणाचे हात घेऊन मागे. मिलिंद ओल्या जमिनीवर पंजा उमटवून पळायचा आणि ती तो पंजा तसाच सोडून पुढचं सारवत जायची. "राहू दे," म्हणायची, "पायानं जाईन चार दिवसांत." उन्हाळ्यात नागपूरची दुपार काय असते ते सांगायला नको. श्रीमंतांच्या दाराला वाळ्याच्या ताट्या असत, आमच्या दाराला गोणपाट. ते ओलं ठेवणं हे आमचं दुपारचं काम. गडव्यानं पाणी मारायचं, अर्धं गोणपाटावर, अर्धं एकमेकांच्या अंगावर, आणि आत येणाऱ्या गार झुळकीखाली तिघांनी ओल्या जमिनीवर पालथं पडायचं. मला आजही ओल्या गोणपाटाचा वास आला की झोप येते.

पंधरा दिवसांचे महिने झाले. शहराची तिला भीती वाटायची. सायकल-रिक्षा अंगावर आली की ती रस्त्यात उभी राहून डोळे मिटायची. पण आम्हाला बाहेर तर न्यायला हवं. मग ती आधी गल्लीच्या तोंडापर्यंत, मग चौकापर्यंत, मग जरीपटक्याच्या बाजारापर्यंत, अशी आम्हाला घेऊन थोडी थोडी पुढे जाऊ लागली. जरीपटक्यात सिंधी दुकानदारांच्या काचेच्या बरण्यांसमोर आम्ही उभे राहायचो आणि ती आम्हाला रंग ओळखायला लावायची. घ्यायचं काही नसायचं, पण आम्ही बाजार करून आल्यासारखे थकून यायचो. रेल्वेच्या पुलावर उभं राहून खालून जाणारी मालगाडी बघणं ही सगळ्यांत मोठी सहल. इंजिनाचा धूर अंगावर आला की मिलिंद टाळ्या पिटायचा. आत्या त्याला सांगायची, "तुह्या बाबानं बनवली ते." बाबा डब्यांची दारं दुरुस्त करत असत, पण आमच्यासाठी कितीतरी दिवस नागपुरातून जाणारी प्रत्येक गाडी बाबांचीच होती.

तान्ह्या पोळ्याला वस्तीतली पोरं लाकडी बैल दोरीनं ओढत घरोघर निघाली, तेव्हा मिलिंद दारात उभा राहून बघत राहिला. बाबांनी धम्मदीक्षा घेतल्यापासून हे सगळं सोडलेलं. आत्यानं गुपचूप मातीचा बैल केला, त्याला दोऱ्याच्या रिळांची चाकं लावली. बाबांच्या कपाळावर आठी दिसली तशी म्हणाली, "पूजा नाही करत, दादा. फिरवून आनतो फक्त. बैल तं आपलाच होय नं?" बाबा हसले. पहिल्याच वळणावर बैलाचा पाय तुटला आणि मिलिंदनं भोकाड पसरलं. आत्यानं शांतपणे एका काखेत बैल घेतला, दुसऱ्या कडेवर मिलिंद. "म्हातारा झाला गा बैल तुहा. त्याले उचलूनच न्या लागते." तशीच ती घरोघर फिरली आणि बोजारा म्हणून मिळालेला खाऊ तिनं बैलाच्याही नावानं मागून घेतला.

दर रविवारी आम्ही दवाखान्यात जायचो. आत जायला मुलांना बंदी. बाहेर एक बुटकी भिंत होती, तिच्याजवळ कडुनिंब, आणि पलीकडे व्हरांड्यात आई खुर्चीवर बसलेली. मधे बराच मोकळा भाग. बोलायचं ते ओरडून. ओरडून काय बोलणार… मी शाळेतली कविता म्हणायचे. आत्या सांगायची, मिलूला दाढा आल्या, मिलू आता दोन पोळ्या खातो. आई ऐकायची, हात हलवायची. सुरुवातीला मिलिंद भिंतीवर चढायला बघायचा, रडायचा. मग रडेनासा झाला. मग लिंबोळ्या वेचू लागला. आणि एका रविवारी, आई त्याच्याकडे बघत असताना, तो ओंजळभर लिंबोळ्या घेऊन आला, आत्याचा पदर ओढला आणि मोठ्यानं म्हणाला, "आई, चल नं. घरी चल नं, आई."

ते व्हरांड्यापर्यंत ऐकू गेलं. मला माहीत आहे, कारण आईनं हलवायला उचललेला हात तसाच राहिला आणि मग हळूच खाली आला. आत्यानं मिलिंदचा खांदा धरून त्याला तिकडे वळवलं. "आई ते होय. ते बसली नं तिथं, ते. मी आत्या." मिलिंदनं एकदा तिकडे पाहिलं आणि पुन्हा लिंबोळ्या मोजायला बसला. परतताना पुलाखालून गाडी गेली तरी आत्या थांबली नाही.

त्यानंतर घरात एक नवी रीत सुरू झाली. माझ्या ती लक्षात आली, पण तिचा अर्थ कळायला बरीच वर्षं लागली. जेवण झाल्यावर गुळाचा खडा मिळायचा, तो रोजचाच होता. पण आता देताना आत्या म्हणायची, "घे, आईनं धाडला." संत्र्याच्या दिवसांत संत्रं सोलून फोड हातावर ठेवताना, "आईनं धाडली." पुलावर गाडी बघायला जायचं तरी, "आईनं सांगतलं, पोट्ट्यायले गाडी दाखव म्हने." आणि एरंडेल पाजणं, नखं काढणं, गार पाण्याची आंघोळ, पाठीत धपाटा… हे सगळं मात्र तिच्या स्वतःच्या नावावर. "मी पाजून राहिली. मी वच्छीआत्या." जे जे गोड ते सगळं तिनं दूर व्हरांड्यात बसलेल्या बाईच्या नावे करून टाकलं आणि कडू तेवढं आपल्याकडे ठेवलं. मिलिंद तिलाच बिलगायचा, ती गोष्ट वेगळी. पण हळूहळू त्याच्या बोलण्यात दोन माणसं वेगळी झाली. एक आत्या, आणि एक कुठेतरी राहून गूळ धाडणारी आई.

दीड वर्षानं आई घरी आली. फार हडकलेली, आणि आम्हाला हात लावायला घाबरणारी. आता भीती नाही, फक्त वजन उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, तरी ती आमच्याकडे बघून हात मागे घ्यायची. मिलिंद आत्याच्या लुगड्यामागे लपला तो संध्याकाळपर्यंत बाहेर आला नाही. आईनं त्याला बोलावलंही नाही. त्याच आठवड्यात कधीतरी गयाबाई नळावर आईजवळ बोलून गेल्या. वच्छीला एक चांगलं स्थळ आलं होतं, पण मुलाकडच्यांनी विचारलं, टीबीच्या घरात दीड वर्ष राहिलेली पोरगी ना ही, आणि पुन्हा निरोपच धाडला नाही. हे आत्यानं कोणाला सांगितलं नव्हतं. बाबांनाही नाही.

आई घरात आली ती सरळ आत्याचे कपडे गोळा करू लागली. "तू जा आता वच्छला. उद्याच जा. तुह्या माईनं दुसरं पाह्यलं म्हने खाप्याचं. माह्या पायी तुहं आयुष्य नको नासू."

आत्या भाकऱ्या थापत होती. तिनं मान वर केली नाही. "जाईन नं वैनी. पन अशी नाही जात. उद्या गेली तं हे पोट्टं महिनाभर माह्या नावानं रडन, अन् तुले वाटन का ते तुह्याजवळ असल्यानं रडून राह्यलं. मले जराशी जराशी जाऊ दे."

जराशी जराशी जाणं म्हणजे काय, ते आम्ही पुढचे दोनेक महिने पाहिलं. आधी आत्याच आंघोळ घालायची आणि आई शेजारी पाटावर बसून राहायची. मग आईच्या हातात टॉवेल आला. मग आई पाणी घालू लागली आणि आत्याला नेमकी तेव्हाच नळावर भांडी घासायची आठवण यायची. भात कालवलेलं ताट आत्या आईसमोर ठेवायची आणि चुलीत फुंकत बसायची. चूल चांगली पेटलेली असायची तरी फुंकायची. रात्री मिलिंद दोघींच्या मधे झोपायचा, आणि सकाळी आत्याचं अंथरूण थोडं दूर सरकलेलं असायचं. पण उचलून घ्यायला मात्र त्याला आत्याच लागायची. आई तर त्याला उचलूच शकत नव्हती.

एका रविवारी आत्या म्हणाली, चला, महाराजबागेत. आम्ही चौघं गेलो. वाघ पाहिला, माकडं पाहिली. उन्हानं मिलिंद कंटाळला आणि हात वर करून आत्यासमोर उभा राहिला. आत्या मटकन गवतात बसली. "अवं माय! पाय मुरगळला माहा. मले नाही उचलता येत गा. आईले म्हन." मिलिंद ऐकेना. तिच्या गळ्यात पडला, पदर ओढला, मग हात-पाय आपटून रडू लागला. आत्या तोंड फिरवून हरणांच्या कुंपणाकडे बघत बसली. मी तिच्या शेजारी होते. तिनं गवत मुठीत धरलं होतं. आई काही पावलांवर उभी होती, तिला पुढे यावं की नाही कळत नव्हतं. शेवटी ती उकिडवी बसली, मग मांडी घालून तिथेच खाली बसली, आणि दोन्ही हात तिनं मांडीवर उताणे ठेवले.

मिलिंद रडता रडता थांबला. बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला. मग नाक ओढत विचारलं, "तूच का ते? गूळ धाडनारी?"

आईला त्यातलं काही माहीत नव्हतं. तिनं आत्याकडे पाहिलं. आत्या हरणांकडेच बघत होती, फक्त तिची मान किंचित हलली, हो म्हण, अशी. आई म्हणाली, "हो बाळा. मीच." तेव्हा मिलिंद चालत गेला आणि तिच्या मांडीवर जाऊन बसला. थोड्या वेळानं झोपलाही. आम्ही ऊन उतरेपर्यंत तिथेच बसून होतो, कारण आईला तो उचलता येत नव्हता आणि त्याला उठवायची कोणाची इच्छा नव्हती. परतताना आत्या घरापर्यंत लंगडत आली. मधे एका वळणावर तिला भान राहिलं नाही आणि ती चांगली सरळ चालली. मी हसले, तर तिनं मला चिमटा काढला आणि पुन्हा लंगडू लागली.

त्यानंतर ती गेली. मिलिंद दारात उभा राहून टाटा करत होता. रडला नाही. "कुठं चालली?" एवढं विचारलं, आणि "गावाले" म्हटल्यावर आत पळाला, कारण आईनं त्याला बटाटे आणायला बोलावलं होतं. बाबा तिला बसवर सोडायला गेले होते. ते सांगायचे, बसमध्ये बसेपर्यंत ती अगदी खुशीत बोलत होती. मग खिडकीपाशी बसली आणि तोंड पलीकडे फिरवलं, ते बस सुटेपर्यंत इकडे वळवलंच नाही.

खाप्याचं स्थळ चांगलं निघालं. आत्याचे यजमान मॅंगनीजच्या खाणीत कामाला होते, हसरा माणूस. ती दिवाळीच्या, उन्हाळ्याच्या सुट्टीत यायची, आपल्या मुलांना घेऊन. मिलिंद तिच्या पाया पडायचा आणि खेळायला पळायचा. त्याला त्या दिवसांतलं काहीही आठवत नव्हतं, गोणपाट नाही, बैल नाही, लिंबोळ्या नाहीत. त्याच्या लेखी ती चार आत्यांपैकी एक होती. आईला ते लागायचं. त्याला सांगू का, असं तिनं अनेकदा विचारलं आणि आत्यानं दर वेळी हात जोडले. "काहून सांगतं वैनी? सांगतलं का मंग ते उपकार होते. मंग तो माह्याकडे यीन तं उपकारापायी यीन." आईनं तिचा शब्द आत्या होती तोवर पाळला.

मिलिंद आता साठीला टेकला आहे, भिलाईला असतो. तो पोहोचेपर्यंत अंत्यविधी आटोपला होता. काही आठवड्यांनी आत्याच्या स्मरणार्थ ठेवलेल्या पुण्यानुमोदनाला आम्ही तिघं खाप्याला गेलो. बुद्धवंदना झाली, जेवणं झाली, माणसं पांगली. आत्याच्या ओसरीवर आईनं मिलिंदला जवळ बसवलं आणि सगळं सांगितलं, अगदी त्या रविवारी व्हरांड्यात तिला काय ऐकू आलं तेही. मधे मधे ती थांबायची, मला विचारायची, "असंच होतं नं वं सुजे?" मी हो म्हणायचे. मिलिंद जमिनीकडे बघत ऐकत होता. आईचं संपलं तेव्हा तो उठला आणि पाणी पिऊन येतो म्हणाला.

मी त्याच्या मागोमाग गेले. आत्याच्या स्वयंपाकघरात धाकटी सून होती. ती पाहुण्यासाठी वरच्या फळीवरून पेला काढायला वळली, तेवढ्यात मिलिंदला माठ दिसला. बुटक्या पाटावर ठेवलेला, आणि त्याच्या वर भिंतीत, आपल्या गुडघ्याच्या जरा वर, ओळीनं खिळे ठोकलेले. खिळ्यांना ॲल्युमिनियमचे कानाचे छोटे पेले.

"हे इतके खाली काहून?" त्यानं विचारलं. एरवी तो असं बोलत नाही, इतक्या वर्षांत त्याची बोली पार बदलली आहे.

"आईनं ठोकले जी," सून म्हणाली. "नातू लहान होते तवा. लेकराले पानी मांगा लागू नये म्हने. आता सारे मोठे झाले, काढून टाकतो म्हटलं तं काढू नाही दिले. कोनाचं ना कोनाचं लेकरू येतच राह्यते म्हने."

मिलिंदचे गुडघे दुखतात. तो भिंतीला धरून सावकाश खाली बसला, माठाच्या समोर, जमिनीवर. एक पेला खिळ्यावरून काढला, पाणी घेतलं, प्याला. पुन्हा घेतलं. मग पेला विसळून त्याच खिळ्याला नीट अडकवला आणि तिथेच बसून राहिला. सुनेनं उठवायला हात पुढे केला, तिला मी डोळ्यांनीच नको म्हटलं.